नावावरचे परके कर्ज आणि मोफत पतअहवालाची सेवा

पतअहवाल, म्हणजे आपल्या नावावरची कर्जे आणि त्यांची फेड यांची नोंद, वर्षातून एकदा मोफत मिळणे आणि त्यातील चुकीची नोंद ठरावीक मुदतीत दुरुस्त होणे, ही सेवा भारतात प्रत्येक कर्जदाराला नियमाने मिळालेली आहे. माझ्या थोरल्या बहिणीच्या पॅन क्रमांकावर कोणी तरी परस्पर कर्ज उचलल्याचे उघड झाले आणि ते निस्तरण्याच्या निमित्ताने ही सेवा तिच्यासाठी मला पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत वापरावी लागली. मत आधीच सांगून टाकतो. सेवेमागचे नियम ग्राहकाच्या बाजूचे आणि स्पष्ट आहेत, अहवाल हे साधन फार मोलाचे आहे, पण तक्रार निवारणाची यंत्रणा ग्राहकाने प्रत्येक पावलावर नियमाची आठवण करून दिल्याशिवाय हलत नाही. पाचपैकी गुण द्यायचे तर अहवालाला मी साडेचार देईन आणि तक्रार निवारणाला अडीच. हा फरक का, ते सविस्तर सांगण्यासारखे आहे.

ताई सोलापूर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षिका आहे. घरासाठी कर्ज हवे म्हणून तिने बँकेत अर्ज केला, आणि छाननीच्या वेळी शाखाधिकाऱ्यांनी तिला बोलावून विचारले, "मॅडम, हे वैयक्तिक कर्ज थकलेले दिसते आहे, ते आधी मिटवणार का?" ती म्हणाली, "अहो साहेब, शिक्षकांच्या सोसायटीखेरीज मी कुठेच कर्ज काढलेले नाही." ज्या कंपनीचे नाव कागदावर होते ती मोबाइलवरून कर्ज देणारी बिगर बँकिंग वित्तीय कंपनी होती आणि ताईने तिचे नावही ऐकलेले नव्हते. रक्कम लहान होती. अशा प्रकारांत ती बहुधा लहानच असते, कारण लहान कर्जाची छाननी यंत्रावर सोडलेली असते आणि रक्कम किरकोळ असल्याने बिंग लवकर फुटत नाही. एप्रिल २०२२ मध्ये अभिनेते राजकुमार राव यांनी आपल्या पॅनचा गैरवापर करून अवघे २,५०० रुपयांचे कर्ज काढले गेल्याचे जाहीर केले होते. रक्कम एवढीशी असली तरी त्यांच्या पतगुणांकावर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवरून ठरणाऱ्या गुणांवर, परिणाम झाला होता. नावावरची थकबाकी किती हजारांची आहे यापेक्षा ती आहे की नाही, हे घरकर्ज देणारी बँक आधी पाहते.

पतअहवाल म्हटले की आपल्याकडे सगळे 'सिबिल' म्हणतात, पण असे अहवाल तयार करणाऱ्या, रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या पतमाहिती कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१५ मध्ये सर्व कर्जसंस्थांना या चारही कंपन्यांचे सभासद होणे बंधनकारक केले. त्यामुळे एका ठिकाणची खोटी नोंद इतर तिन्ही ठिकाणी असण्याची शक्यता धरूनच चालावे लागते. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने दर वर्षी एक संपूर्ण अहवाल मोफत द्यावा असा नियम आहे, म्हणजे वर्षाला चार अहवाल पदरात पडतात. नेहमीची नजर ठेवायची असेल तर दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीचा अहवाल काढत गेल्यास वर्षभर विनाखर्च काम भागते. नावावर कर्ज निघाल्याची खात्री पटली असेल तर मात्र चारही अहवाल एकाच दिवशी काढावेत, म्हणजे नुकसान कुठवर गेले आहे याचा पूर्ण आवाका समजतो.

मोफत अहवालाचा दुवा संकेतस्थळावर ठळकपणे दिसला पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळे बजावले आहे, आणि हे बजावावे लागले यातच बरेच काही आले. या क्षेत्रात महिन्याचे किंवा वर्षाचे शुल्क घेऊन अहवाल पुन्हा पुन्हा पाहू देणाऱ्या योजनाही विकल्या जातात. घाबरलेला माणूस समोर येईल ते बटण दाबतो. नावावर परके कर्ज निघालेल्या माणसाला पहिल्या टप्प्यावर अशा सशुल्क योजनेची काहीही गरज नाही, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

अहवाल हातात पडल्यावर बहुतेक लोक वरचा तीन अंकी गुणांक पाहतात आणि तिथेच थांबतात. फसवणुकीच्या दृष्टीने गुणांक हा अहवालातला सर्वांत कमी उपयोगाचा भाग आहे. खरी माहिती खालच्या तक्त्यांत असते. ताईच्या अहवालात त्या कर्जाच्या खात्याखाली महिन्यांची एक ओळ होती आणि प्रत्येक महिन्यासमोर हप्ता किती दिवस थकला आहे त्याचा तीन अंकी आकडा होता. नियमित खात्यात तिथे शून्ये दिसतात. इथे पहिल्या महिन्यापासूनच आकडा चढत गेलेला होता, म्हणजे कर्ज घेणाऱ्याने पहिला हप्तासुद्धा भरलेला नव्हता. अडचणीत आलेला खरा कर्जदार निदान सुरुवातीचे काही हप्ते भरतो. एकही हप्ता न भरता गायब होणारा हा फार करून पहिल्यापासून फसवण्याच्याच हेतूने आलेला असतो. पुढे तक्रारीत ही ओळ आम्ही स्वतंत्र मुद्दा म्हणून लिहिली आणि ती उपयोगी पडली.

त्याखालचा तक्ता चौकशीचा. कोणत्या संस्थेने कोणत्या तारखेला, किती रकमेच्या आणि कशा प्रकारच्या कर्जासाठी तुमचा अहवाल मागवला, त्याची ही यादी असते. ताईच्या नावाने एकाच आठवड्यात अनेक कर्जसंस्थांनी चौकशी केलेली दिसली, आणि त्यांपैकी एकीनेच कर्ज दिलेले होते. याचा अर्थ इतर ठिकाणीही तिच्या नावाने अर्ज झाले होते आणि ते नाकारले गेले किंवा अर्धवट राहिले होते. त्या प्रत्येक संस्थेला आम्ही छोटेसे पत्र पाठवून कळवले की हा अर्ज आमचा नाही, तो फसवणूक म्हणून नोंदवावा आणि या कागदपत्रांवर पुढे कर्ज देऊ नये. हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळू नये, कारण चोराजवळची कागदपत्रे एका कर्जानंतर संपून जात नाहीत.

आणि एक जागा आहे, जिच्याकडे कोणीच लक्ष देत नाही असे मला वाटते. ती म्हणजे अहवालाच्या सुरुवातीची वैयक्तिक माहिती. तिथे नाव, जन्मतारीख आणि पॅन बरोबर होते. त्याखाली मात्र परराज्यातला एक पत्ता आणि ताईने कधीही न वापरलेला मोबाइल क्रमांक जोडला गेला होता. ही माहिती कर्जसंस्थेकडून येते आणि अहवालात चिकटून राहते. आपला अहवाल कोणी पाहिला की ग्राहकाला लघुसंदेशाने किंवा ईमेलने कळवावे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि नियम फार चांगला आहे. पण अहवालात चोराचाच क्रमांक बसलेला असेल तर ती सूचना कोणाकडे जाईल, याचा विचार केला म्हणजे या दोन ओळींचे महत्त्व कळते. म्हणून तक्रार करताना केवळ कर्जाच्या खात्यावर हरकत घेऊन थांबू नये. खोटा पत्ता, खोटा क्रमांक आणि आपण अर्ज न करता झालेल्या चौकशा या प्रत्येकावर वेगळी हरकत नोंदवावी.

आता तक्रार निवारणाकडे येतो. २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याच्या कलम २१ नुसार ग्राहकाला चुकीची नोंद बदलण्याची मागणी करता येते आणि ती ३० दिवसांत निकालात निघाली पाहिजे. ही मुदत अनेक वर्षे कागदावर होती, पण ती पाळली नाही तर कोणाच्या खिशाला झळ बसत नव्हती. रिझर्व्ह बँकेच्या २६ ऑक्टोबर २०२३ च्या परिपत्रकाने, आणि ते सहा महिन्यांनी लागू झाल्यापासून, चित्र बदलले आहे. तक्रार दाखल झाल्यापासून ३० दिवसांत ती सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला द्यावी लागते. जबाबदारीही वाटून दिलेली आहे. पतमाहिती कंपनीने किंवा ग्राहकाने कळवल्यापासून २१ दिवसांत कर्जसंस्थेने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई कर्जसंस्थेच्या माथी येते. तिने वेळेत पाठवूनही पतमाहिती कंपनीने अहवाल बदलला नाही तर ती कंपनीच्या माथी. तक्रार सुटल्यावर पाच कामकाजी दिवसांत रक्कम खात्यात जमा झाली पाहिजे. शंभर रुपये ही रक्कम क्षुल्लक वाटेल, परंतु तिच्यामुळे तक्रारीला तारीख मिळाली. तारीख असलेली तक्रार वरच्या अधिकाऱ्याच्या नजरेतून सुटत नाही.

व्यवहारात काय घडले? चारपैकी तीन कंपन्यांकडे हरकत नोंदवणे सोपे होते. एका कंपनीच्या अर्जात मात्र ठरलेल्या कारणांच्या यादीतून एक कारण निवडण्यापलीकडे काही लिहायला जागा नव्हती आणि पोलीस तक्रारीची प्रत जोडण्याचीही सोय नव्हती. तिचे नाव मी इथे घेत नाही. कागद वेगळ्या ईमेलने पाठवावे लागले आणि ते मूळ तक्रारीला जोडले गेले की नाही हे शेवटपर्यंत नीट कळले नाही. पहिले उत्तर सगळीकडून सारखेच आले : कर्जसंस्थेने माहिती तपासली असून ती बरोबर आहे. हे उत्तर वाचून ताई खचली, आणि मला वाटते बहुतेक लोक इथेच हात टेकतात. पण या उत्तराचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. पतमाहिती कंपनी स्वतः काहीच तपासत नाही. ती तुमची हरकत कर्जसंस्थेकडे पाठवते, कर्जसंस्था आपल्या नोंदवहीत खाते आहे ना एवढे पाहते, आणि 'आहे' असे कळवते. खाते आहे यावर वाद नसतोच. ते कोणाचे आहे हा वाद असतो, आणि नेमका तोच प्रश्न या पहिल्या फेरीत कोणी विचारत नाही. सेवेचा हा मूलभूत दोष आहे, आणि त्याचसाठी मी तिचे गुण कापले आहेत.

म्हणून दुसरी फेरी थेट कर्जसंस्थेशी, लेखी आणि तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने केली पाहिजे. हा अधिकारी नेमणे आणि त्याचा पत्ता जाहीर करणे डिजिटल कर्ज देणाऱ्या संस्थांना बंधनकारक आहे. 'हे कर्ज माझे नाही' एवढेच म्हणून भागत नाही. आम्ही कागद मागितले : कर्जाचा करार, ओळखपत्रांच्या प्रती, अर्जासोबत घेतलेले छायाचित्र, कराराला संमती देताना ओटीपी कोणत्या मोबाइल क्रमांकावर गेला तो क्रमांक, आणि कर्जाची रक्कम कोणत्या बँक खात्यात जमा झाली त्याचा तपशील. यातील शेवटची मागणी सर्वांत जड ठरते. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार काही ठरावीक अपवाद वगळता कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात जमा व्हावी लागते. तेव्हा कर्ज ताईने घेतले असेल तर पैसे ताईच्या खात्यात आले पाहिजेत. तिच्या खात्यात आले नसतील तर ज्याच्या खात्यात आले तो कर्जदार, किंवा मग संस्थेनेच नियम मोडलेला. दोन्ही बाजूंनी उत्तर संस्थेलाच द्यावे लागते.

बरीच टोलवाटोलवी झाल्यावर कागद आले. ते पाहताना मला राग आला आणि आश्चर्यही वाटले. पॅनकार्डाची प्रत खरीच होती. कडेला लॅमिनेशनची दुमडही दिसत होती, म्हणजे कुठल्या तरी कामासाठी दिलेल्या प्रतीचाच तो फोटो होता. त्या पॅनकार्डावर ताईचे वीस वर्षांपूर्वीचे छायाचित्र आणि तिची मराठीतली ठसठशीत सही. आणि शेजारीच, अर्ज करताना मोबाइलवर काढलेल्या फोटोत, निळ्या पडद्यासमोर बसलेली विशीतली एक अनोळखी मुलगी. दोन्ही फोटो एकाच पानावर होते. कोणत्याही माणसाने एकदा नजर टाकली असती तर कर्ज मंजूर झाले नसते. पैसे ज्या खात्यात गेले त्याचे शेवटचे चार आकडे ताईच्या कोणत्याही खात्याशी जुळत नव्हते. हे पान आम्ही तसेच्या तसे हरकतीला जोडले, आणि त्यानंतर मात्र 'तपासले, बरोबर आहे' असे उत्तर पुन्हा आले नाही.

या काळात वसुलीचे फोन सुरू होते. वसुली प्रतिनिधीने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, कर्जदाराला धमकावू नये आणि त्याच्या नातेवाइकांना, परिचितांना त्रास देऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केले आहे. आम्ही फोनवर वाद घालणे सोडून दिले. 'या कर्जाबाबत फसवणुकीची तक्रार दाखल आहे, तक्रार क्रमांक हा, यापुढे लेखी बोला' हे एकच वाक्य ताई शांतपणे सांगत असे आणि प्रत्येक फोनची वेळ वहीत लिहून ठेवत असे. फोनवरून एक प्रस्ताव वारंवार येत होता, त्याविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. "ताई, थोडे पैसे भरून टाका, खाते बंद करतो, तुमचेही काम होईल." घरकर्ज अडलेल्या माणसाला हा मोह फार होतो. पण पैसे भरले की कर्ज आपले होते हे मान्य केल्यासारखे होते. शिवाय तडजोड करून बंद केलेले खाते अहवालात 'सेटल्ड' म्हणून राहते आणि पुढच्या बँकेला तोही डागच दिसतो. खोटे खाते बंद झालेले नको, आपल्या नावावरून पूर्ण निघालेले हवे, ही मागणी शेवटपर्यंत सोडू नये.

पोलीस तक्रार केव्हा करावी, असे मला अनेकांनी विचारले. अगदी पहिल्या दिवशी. दुसऱ्याची ओळख वापरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली गुन्हा आहे आणि संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणे हा ६६ ड खाली. दोन्हींना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. भारतीय न्याय संहितेत तोतयेगिरीसाठी कलम ३१९ आहे. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार संकेतस्थळावर घरबसल्या तक्रार नोंदवता येते आणि पोचपावतीचा क्रमांक लगेच मिळतो. तोच क्रमांक पुढच्या प्रत्येक पत्रावर घालावा. १९३० हा मदत क्रमांक वेगळ्या प्रसंगासाठी फार प्रभावी आहे. खात्यातून पैसे नुकतेच गेले असतील तर ते वाटेत अडवण्यासाठी तिथे मिनिटे मोजून फोन केला पाहिजे. महिन्यांपूर्वी निघालेल्या परक्या कर्जासाठी मात्र लेखी तक्रार आणि तिची प्रत यांचाच उपयोग होतो. ऑनलाइन नोंदणीनंतर आम्ही सायबर पोलीस ठाण्यातही गेलो. तेथील अंमलदारांनी कागद नीट वाचले आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यानिशी पोच दिली. तो शिक्का असलेला कागद पाहिल्यावर कर्जसंस्थेच्या भाषेत पडलेला फरक मी विसरणार नाही.

याच्या जोडीला ज्या सरकारी सोयी वापरल्या त्यांपैकी दूरसंचार विभागाची 'संचार साथी' ही मला सर्वांत सरळ वाटली. मे २०२३ पासून ती सुरू आहे. आपला मोबाइल क्रमांक आणि ओटीपी दिला की आपल्या नावावर चालू असलेल्या जोडण्यांची यादी येते, आणि ओळखीचा नसलेल्या क्रमांकावर 'हा माझा नाही' अशी खूण करता येते. ताईच्या यादीत सगळे क्रमांक तिचेच निघाले. ज्या क्रमांकावर कर्जाचा ओटीपी गेला होता तो यादीत नव्हता. याचा अर्थ तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या नावावर होता आणि कर्जसंस्थेने क्रमांकाचा मालक व पॅनचा मालक एकच आहे का हे पडताळलेच नव्हते. यादीचे ते पान छापून आम्ही तेही हरकतीला जोडले. मोफत सोयीतून इतका नेमका पुरावा मिळावा, हे मला फार मोलाचे वाटते.

आधारच्या बाबतीत अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद कुलूपबंद करण्याची सोय चांगली आहे आणि ती प्रत्येकाने वापरावी, विशेषतः ज्यांच्या गावाकडे अंगठा लावून बँक व्यवहार होतात त्यांनी. पण कागदी प्रतीचा गैरवापर त्या कुलुपाने थांबत नाही. आधार कुठे कुठे तपासले गेले त्याची मागील सहा महिन्यांची नोंद पाहता येते, ती जरूर पाहावी. प्रती देताना आठ आकडे झाकलेले आधार द्यावे. ते अधिकृतपणे उतरवून घेता येते. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने प्रती सरसकट देऊ नका असे आवाहन केले आणि गैरसमज होईल म्हणून दोनच दिवसांत ते मागे घेतले गेले. मला तो सल्ला तेव्हाही रास्त वाटला होता. पॅनच्या प्रतीवर तर आता आम्ही घरातले सगळेच मधोमध तिरपे लिहितो : कोणाला दिली, कशासाठी दिली आणि तारीख. पॅनवर आणखी काही उद्योग झाले आहेत का हे पाहण्यासाठी प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरचे वार्षिक माहिती विवरण आणि जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून होणारा नोंदणीचा शोध, ही दोन्ही पाने एकदा उघडावीत. दुसऱ्याच्या पॅनवर बनावट जीएसटी नोंदणी घेण्याचे प्रकार देशात झालेले आहेत.

शेवटचा दरवाजा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याचा. १ सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही एकात्मिक लोकपाल योजनेच्या कक्षेत आलेल्या आहेत, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. संस्थेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर तिथे विनाशुल्क दाद मागता येते. वकील लागत नाही. आणि ज्यांना ऑनलाइन अर्ज जमत नाही त्यांच्यासाठी सांगतो, की चंडीगड येथील केंद्रीय तक्रार स्वीकृती केंद्राकडे टपालाने तक्रार पाठवता येते आणि ती कोणत्याही भाषेत चालते. म्हणजे आपली कैफियत मराठीत, आपल्या हस्ताक्षरात लिहिता येते. १४४४८ या क्रमांकावर फोन करून प्रक्रियाही समजून घेता येते. आमच्या प्रकरणात, मुदत संपून गेल्यावर लोकपालाकडे जात असल्याचे पत्र आम्ही कर्जसंस्थेला आणि पतमाहिती कंपन्यांना पाठवले, सोबत पुराव्याची सगळी पाने पुन्हा जोडली, आणि त्यानंतर खाते ताईच्या नावावरून काढून टाकल्याचे लेखी उत्तर आले. उशिराची भरपाई आपणहून कोणी दिली नाही. परिपत्रकाची तारीख लिहून मागितल्यावर ती मिळाली. रक्कम किरकोळ, पण ती मागावी, कारण ती मागितली तरच उशीर झाल्याचे संस्थेच्या दप्तरी लागते.

दरम्यान 'सिबिल साफ करून देतो' म्हणणाऱ्या दोन-तीन एजंटांनी ताईला गाठले. त्यांची जाहिरात शहरात जागोजागी असते. यांना एक रुपयाही देऊ नये. अहवालातली नोंद कर्जसंस्थेच्या दुजोऱ्याशिवाय पतमाहिती कंपनीलासुद्धा बदलता येत नाही, मग बाहेरचा माणूस काय बदलणार? तो फार तर तुमच्या वतीने तोच मोफत अर्ज भरतो, आणि त्यासाठी तुमचे पॅन, आधार आणि ओटीपी मागतो. ज्या माणसाची ओळख एकदा चोरीला गेली आहे त्याने ती दुसऱ्या अनोळखी हातात स्वतःहून द्यावी, यासारखा धोका नाही.

दुरुस्ती झाल्याचे पत्र मिळाले म्हणजे काम संपले असे समजू नये. १ जानेवारी २०२५ पासून कर्जसंस्थांना निदान पंधरवड्यातून एकदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे बदल पूर्वीपेक्षा लवकर दिसतो. तरीही चारही अहवाल स्वतः पुन्हा पाहावेत. आमच्या बाबतीत तिघांनी खाते, पत्ता आणि क्रमांक सगळे काढले. चौथ्या अहवालातून खाते गेले, पण खोटा पत्ता तसाच राहिला होता. त्यासाठी नवी हरकत घ्यावी लागली. बँकेने नंतर ताईचा अर्ज पुन्हा विचारात घेतला, घरकर्ज मंजूर झाले.

एक मोठी उणीव मात्र दुरुस्तीच्या पलीकडची आहे. अमेरिकेत सप्टेंबर २०१८ पासून कोणत्याही नागरिकाला आपला पतअहवाल विनाशुल्क गोठवता येतो. ऑनलाइन किंवा फोनवर मागणी केली की कंपनीला एका कामकाजी दिवसात अहवाल बंद करावा लागतो, आणि अहवालच पाहायला मिळाला नाही की नवे कर्ज देणारा सहसा मागे फिरतो. स्वतःला कर्ज हवे असेल तेव्हा तो तात्पुरता उघडता येतो. तिथे ही सेवा देणाऱ्या इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही कंपन्या आपल्याकडेही याच व्यवसायात आहेत, म्हणजे तंत्र त्यांच्याजवळ तयार आहे. आपल्या २००५ च्या कायद्यात असा हक्क ग्राहकाला दिलेला नाही. आपल्याकडची सगळी व्यवस्था कर्ज निघून गेल्यानंतर, ताईसारख्या माणसाने पत्रे लिहायला बसावे, यावर उभी आहे. हा हक्क कायद्यात आणावा अशी मागणी मी रिझर्व्ह बँकेकडे आणि आमच्या खासदारांकडे लेखी केली आहे; ज्यांना हे पटते त्यांनीही ती करावी. तोवर तक्रार निवारणाच्या सेवेला अडीचच्या वर गुण देणे मला शक्य नाही.